आमच्या माळवदावरची माती

निर्णा शिवारातल्या समस्त भाऊबंदांना, तसेच पुण्या-हैदराबादेत पांगलेल्या सोयऱ्याधायऱ्यांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते, की आपला आखाडा, म्हणजे शेतातलं घर, कुण्या वैऱ्याने पाडलेलं नाही. ते आपण घरच्यांनीच, तीन पिढ्या राबून, मोठ्या मायेने पाडलं. मला ठाऊक आहे, कारण ते पडलं तेव्हा मी अंगणात उभा होतो.

अवकाळी पावसाने माळवद, म्हणजे घराचं मातीचं छत, भिजलं होतं, मधली तुळई तडकली होती, आणि मी अप्पांना नि मायला पुण्याला न्यायला आलो होतो. टेम्पोत सामान चढलं. सगळे बाहेर, फक्त अप्पा आत, मधल्या खांबाला पाठ लावून बसलेले. निघायची आठवण म्हणून ड्रायव्हर महेबूबभाईंनी इंजिन सुरू केलं, तर त्या हादऱ्याने छतातून अप्पांच्या खांद्यावर माती गळायला लागली. महेबूबभाईंनी झटकन इंजिन बंद केलं. मग आम्ही दोघांनी भरलेला टेम्पो हाताने ढकलत, चोरासारखा, अंगणाबाहेर काढला.

अप्पा आत बसलेत तोवर थोडा इतिहास ऐका. तेही तोच आठवत असणार. पणजोबांनी एक खोली बांधली. तांबड्या जांभ्या दगडाच्या भिंती, बाभळीचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर काटक्या, काटक्यांवर तरवडाचा पाला आणि सगळ्यावर पांढऱ्या मातीचा थर. आजोबांनी पुढे ओसरी काढून बैलगाडीने शहाबादी फरशी आणली. अप्पांनी मागे पत्रे ठोकून आपलाही हात लावला.

पण खरं बांधकाम वर चालू होतं. मिरगाच्या आधी जुनी माती खरवडायची आणि नवी टाकायची, ही सगळ्या शिवाराची रीत. आमचे आजोबा मात्र म्हणून गेले, "बापाच्या हातची माती खरवडायची न्हाई." झालं. दरसाल थरावर थर चढला आणि खाली खांब तेच राहिले. छत भिंतीपेक्षा जाड झालं, तर आम्ही पाहुण्यांना उन्हाळ्यातला गारवा दाखवत फिरलो. अप्पा माती पसरायचे. टोपली डोक्यावर घेऊन शिडी चढायची ती माय.

"अप्पा, चला," मी दारातून म्हणालो.

"कामून भ्यायलास? घर काय काल बांधलंय व्हय?"

वर तुळई करकरली. मी उंबऱ्यात पाय टाकणार, तोच मायने मला मागे ओढलं आणि स्वतः आत गेली. जाताना सूप आणि तूरडाळ घेऊन. खांबाच्या दुसऱ्या बाजूला बसून ती डाळ निवडायला लागली.

"येडी झालीस का? ऊठ. वरून माती पडायलीय."

"पडू द्या. मीच वर नेलेली हाय."

सुपात माती पडत होती आणि माय ती खड्यांसारखी वेचून बाजूला टाकत होती. पुन्हा करकर झाली, या वेळी लांबलचक. अप्पा उठले. तिचा दंड धरून त्यांनी तिला सुपासकट उठवलं. दोघं ओसरी उतरून चिंचेखाली पोचतात न पोचतात, तोच माळवद खाली बसलं.

आता पुण्यात आमचं छत म्हणजे वरच्या बिऱ्हाडाची फरशी. तिथे कुणी खुर्ची ओढली की अप्पा दचकून वर बघतात, माय बघत नाही. "गावाकडं आपलं घर हाय," असं अप्पा लिफ्टमधल्या शेजाऱ्यांना अजून सांगतात. मी दुरुस्ती करत नाही. मला घर म्हटलं की भिंती आठवतच नाहीत. चिंचेखाली उभे राहिलेले, मातीने माखलेले ते दोघं आठवतात, अप्पांच्या मुठीत अजून मायचा दंड.

त्या दिवशी चिंचेखाली धुरळा हळूहळू खाली बसला. अप्पांचे डोळे भरून आले होते. महेबूबभाई मान खाली घालून उभे होते. मला वाटलं, आता माय हंबरडा फोडणार. तिने सूप झटकलं आणि म्हणाली,

"बरं झालं बाई. यंदा माती वाहायची न्हाई."