धर्माबादचं ‘अय्यो’

माणूस दचकला की तोंडातून काय निघतं, ते त्याचं गाव ठरवतं, असं माझं ठाम मत आहे. लातूरजवळच्या मुरुडला आमच्या गल्लीत ताट जरी पडलं तरी ‘आगं माय!’ निघायचं. आई मात्र ‘अय्यो!’ म्हणायची. तिचं माहेर धर्माबादचं, तेलंगणाला अगदी खेटून. तिथं लहानथोर सगळे अय्योच म्हणत.

मुरुडच्या घरी आजी, म्हणजे आईची सासू, माळकरी, त्यामुळे मासे खायचे ते फक्त मामाकडे. गोदावरीतला रोहू, चिंचेच्या कोळात रटरटलेला. तिकडे त्याला पुलुसु म्हणतात. आज केला तर उद्या खायचा, मुरल्याशिवाय हात लावायचा नाही, असा तिथला शिरस्ता. आई गुपचूप झाकण उघडून बोट बुडवायची आणि ‘अय्यो, काय झालाय!’ म्हणत मामीकडे बघून खिदळायची. तशी खिदळणारी आई मुरुडला कधी दिसली नाही. पुढे तर तिनं अय्यो म्हणणंच सोडलं. हे आजीचंच काम, अशी माझी खात्री होती. त्या रागापायी मी शेवटपर्यंत आजीशी नीट बोलले नाही.

आता आजी नाही. आई माझ्याकडे लातूरला असते, गप्प गप्प. तिच्या तोंडून तो शब्द एकदा तरी ऐकायचा, या हट्टानं परवा मी रोहू आणला. चिंच कोळली, सगळं मामीसारखं केलं आणि सवयीनं दाण्याचं कूटही घातलं. कुटाशिवाय रस्सा असतो हे आमच्या हाताला माहीतच नाही. दुसऱ्या दिवशी वाढलं.

पहिल्याच घासाला आई ओरडली, “अय्यो! माशात कूट कुनी घालतं व्हय?”

मला रडूच आलं. म्हटलं, “आई, आता बिनधास्त म्हन. आजीनं लई दाबलं तुला.”

आई काटे काढत होती. मान वर न करता म्हणाली, “त्या कशाला दाबतील? त्यान्ला तर गंमत वाटायची. तूच शाळेतल्या पोरींपुढं म्हन्लीस, आई, तसं नको म्हनू, मला लाज वाटती.”

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. आईनं काटे काढलेला तुकडा माझ्या ताटात सरकवला.

“खा. एवढं काय वाईट न्हाई झालं.”