नावाच्या जागी टिचकी

वेणू गेल्याचं मला अमरावतीला कळलं ते साप्ताहिकातून. ‘अकोल्याचे सुप्रसिद्ध शाहीर गणपतराव यांच्या भगिनी वारल्या.’ पुढे गणपतरावांचा फड, त्यांची कवनं, नागपूरला मिळालेलं चांदीचं पदक... भगिनीला काही नाव होतं की नाही, ते छापलं नव्हतं. मी तो अंक चुलीत घातला.

नाव होतं. वेणू. अकोल्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी वकिलाची मुलगी, ती शेतकऱ्याची. लग्नानंतर लवकरच विधवा होऊन ती माहेरी परतली आणि सुपात तूर पाखडता पाखडता कवनं रचू लागली, चालीसकट. वऱ्हाडात तिच्याआधी कुणा बाईने फडासाठी कवन रचल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आणि हिने रचल्याचं तरी कुठे कुणाला कळू दिलं? कवनाच्या शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव यावं अशी रीत आहे. वेणूच्या प्रत्येक कवनात तिथे ‘गणू’ असे, कारण डफ भावाच्या हातात होता. घरात गाताना मात्र तिने ते नाव कधी घेतलं नाही. त्या जागी थांबायची, सुपाच्या काठावर टिचकी मारायची आणि पुढचे शब्द उचलायची.

पदक मिळालं तेव्हा भावाला वाढताना ती माझ्यासमोरच म्हणाली होती, “दादा, एका गाण्यात तरी माहं नाव घे ना.”

“येडी झाली काय तू? बाईचं नाव डफावर घेतलं तं लोक घरावर गोटे मारतीन.”

“गाणं बी बाईचंच हाय. ते कावून घेतो मंग?”

गणपतरावांनी भाकरी मागितली. तिने वाढली. त्या वाढण्याचा मला अजून राग येतो...

तेरवीला मी अकोल्याला गेले. जेवणं झाल्यावर गणपतराव डफ घेऊन बसले. सासरी निघालेल्या लेकीचं गाणं त्यांनी काढलं. वेणूचं अगदी सुरुवातीचं. शेवटी डोळे पुसत ते गायले, ‘गणू सांगे, वाट चिखलाची, माती सोडेना पाय.’ ओसरीवरचे एक मास्तर गहिवरून म्हणाले, “बहिणीसाठी काय गाणं रचलं मानसानं.” गणपतरावांनी नुसती मान खाली घातली. तिच्याच तेरवीला तिचं गाणं पुन्हा एकदा त्यांच्या नावावर चढलं, आणि मला वाटतं, एव्हाना त्यांनाही ते खरं वाटत असावं.

निघताना मी वेणूच्या वहिनींना विचारलं, “वेणूचं सूप मी नेऊ काय?”

“न्या ना. जुनं झालं, आमी टाकूनच देनार होतो.”

त्याचा काठ एका जागी गुळगुळीत झाला आहे. मी त्यात तूर पाखडते आणि तेच गाणं म्हणते, पण टिचकी मारत नाही. ‘वेणू सांगे, वाट चिखलाची...’ चालीत कुठे काही अडत नाही.