गुरुपौर्णिमेची भरती

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय – कदाचित तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून.

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. खानदेशातल्या लहान गावातून बडोद्याला आलो आणि सयाजीगंजातल्या एका लँडस्केप आर्किटेक्टच्या ऑफिसात मीनाताईंनी मला हाताखाली घेतलं. नकाशा वाचायला, माती ओळखायला, साहेबांसमोर न अडखळता बोलायला – सगळं त्यांनी शिकवलं. आणि मी त्यांना काय दिलं?

नव्वदीच्या दशकाची अखेर होती. समुद्र वर चढतोय, हे आमच्या ऑफिसात नुकतंच बोललं जाऊ लागलं होतं. खंभातच्या आखातावरच्या एका गावाचं काम आलं. गावाला गोड्या पाण्याचा एकच तलाव. तो वाचवायचा – पुढे चिखलात खारफुटी, मागे मातीचा बांध. बांध किती उंच, ते भरती कुठवर चढते त्यावर ठरणार. मोठी भरती पौर्णिमा-अमावास्येची. ताईंनी मला गुरुपौर्णिमेला तिकडे जायला सांगितलं. स्वतः उभं राहून बघायचं, पाणी पोचेल तिथे खुंट्या ठोकायच्या.

त्याच दिवशी माझ्या शाळेत माझा सत्कार होता.

ताईंना सांगितलं असतं तर त्यांनी हसत दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं. मग सांगितलं का नाही? – कामचुकार वाटेन, म्हणून. मी गावी गेलो. हार घालून घेतला. गुरुजींच्या पाया पडलो.

किनाऱ्यावर पोचलो ते आठवड्यानं, तेव्हा चंद्र अर्धा उरला होता. भरती मरगळलेली. उधाणानं वर टाकलेली काडीकचऱ्याची ओळ पावसानं धुऊन नेलेली. ओल दिसली तिथून थोडं वर, अंदाजानं, मी खुंट्या ठोकल्या.

"उधाण बघितलंस ने बरोब्बर?" ऑफिसात ताईंनी विचारलं. "की स्टेशनवर फाफडा खाऊन परत?"

सगळे हसले. मीही हसलो. म्हणालो, "बघितलं, ताई."

बांध झाला. पुढच्या पावसाळ्यात उधाणाला वारा मिळाला आणि खारं पाणी बांधावरून तलावात आलं. आलं ते बांधामुळे परत जाईना. आम्ही गेलो तेव्हा एक म्हातारी म्हशीला तलावाकडे ओढत होती. म्हैस तोंड फिरवत होती. "बांध नसता तर पाणी निघून तरी गेलं असतं, भाई," म्हातारी म्हणाली. माझ्याकडेच बघून – की मला तसं वाटलं?

खुंट्या कुणी तपासल्या, साहेबांनी विचारलं. मी टेबलाकडे बघत राहिलो.

"तपासायचं काम माझं होतं," ताई म्हणाल्या.

त्यांना कळलं होतं का? माहीत नाही. त्यांना ऑफिस सोडून जावं लागलं. किनाऱ्याचं काम त्यांना पुन्हा कुणी दिलं नाही. वाघोडियाच्या कारखान्यांपुढची हिरवळ आखत राहिल्या. त्यांचं टेबल मला मिळालं. मी ते घेतलं. त्या गावातली निम्मी घरं आता बंद आहेत.

ताई छाणीला राहतात. दर गुरुपौर्णिमेला मी त्यांना फोन करतो.

"एवढ्यांना शिकवलं रे," त्या म्हणतात, "पण आठवणीनं फोन तुझाच येतो, हं."

मी नमस्कार सांगतो. तब्येत विचारतो. भरतीचं अजून एकदाही बोललो नाही.