निळ्या काठाची ताटली

अमेरिकेत, टेक्सासमधल्या अर्विंगला आमच्या शेजारी मिस अर्नेस्टीन राहायच्या. जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात राबलेल्या. दुपारी व्हरांड्यातल्या झुलत्या खुर्चीत डोळे मिटून बसल्या, की बाई कुठल्या शतकात आहेत ते कळायचं नाही. तिथूनच त्या स्वतःच्या आजीबद्दल बोलायच्या. आजी गुलाम म्हणून जन्मली. टेक्सासमध्ये सुटकेची बातमी पोचली तोवर तिची आई कुठेतरी लांब विकली गेली होती. पुढे मरेपर्यंत आजी रस्त्यावरच्या प्रत्येक म्हातारीत आईचा चेहरा शोधत राहिली.

गावाबाहेर ओढ्याकाठी काळ्यांची जुनी दफनभूमी होती. गोऱ्यांच्या जमिनीत मेल्यावरही त्यांना जागा नव्हती, आणि नाव कोरलेला दगड परवडत नव्हता. म्हणून माणूस शेवटचं ज्यात जेवलं ते भांडं फोडून मातीवर ठेवत. बाकीच्यांची भांडी केव्हाच मातीत गेली होती. आजीच्या निळ्या काठाच्या ताटलीचे तुकडे तेवढे मिस अर्नेस्टीननी तिच्या मातीवर जपले होते; तिची जागा त्यांवरूनच ओळखायची. मला तिच्याशेजारी पुरा, एवढंच त्यांचं मागणं. आजीला तिची आई सापडली नाही, निदान मी तरी तिला सापडेन, म्हणायच्या.

गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे काही वर्षं त्यांचं तिथे जाणं झालं नव्हतं. २००६च्या वसंतात चर्चची मंडळी साफसफाईला निघाली, तेव्हा त्यांना घेऊन मी आणि माझी थोरली बहीण नीलांबरीताईही गेलो. ताईचं वळण अजून नागपूरचंच. कपाला नुसता तडा गेला तरी तो घराबाहेर काढल्याशिवाय तिला चैन पडत नाही. मी मिस अर्नेस्टीनना गाडीतून उतरवून आणेपर्यंत ताईसाहेबांनी सगळी पानं लोटून, निळे तुकडे गोळा करून झाडाखाली रचलेसुद्धा होते. कुठून उचलले, ते तिला आठवेना. मला तिचा भयंकर राग आला.

"सॉरी आंटी," ताई रडत म्हणाली. "मला वाटलं, कुणीतरी कचरा टाकलाय."

मिस अर्नेस्टीननी बूट काढले. कबरींवरची माती खचून झालेल्या उथळ खळग्यांमधून त्या अनवाणी हिंडल्या, झोपेत चालल्यासारख्या. पेकानच्या झाडांतून हिरवट ऊन सांडत होतं. ते अंगावर घेत त्या कितीतरी वेळ फिरल्या. आजी सापडली नाही. मग तुकडे झग्याच्या ओच्यात घेऊन त्या एकेका खळग्यावर एकेक ठेवत गेल्या.

"आता या सगळ्याच माझ्या आज्या," त्या म्हणाल्या. "आजीची आईसुद्धा यांतच असेल, कोण जाणे."

२००८च्या थंडीत त्या गेल्या. पुरायचं नेमकं कुठे, या विचाराने त्यांचा भाचा ओढ्याकाठी गोंधळून उभा होता.

"कुठेही चालेल," ताई त्याला म्हणाली. "कुठेही पुरलं तरी त्या आजीशेजारीच."

पुरून झाल्यावर, मिस अर्नेस्टीननी ज्यात शेवटची कॉफी घेतली तो मग तिने स्वतःच्या हाताने फोडला आणि ओल्या मातीवर ठेवला.