दोन्हीकडचा खर्च आमचा!

मी आयुष्यात दोनदाच अगदी मनापासून बोललो, आणि दोन्ही वेळा चुकीच्या माणसाशी बोललो.

बोरी अरबला माझा फोटो स्टुडिओ आहे. ‘आहे’ म्हणजे पाटी आहे. गावातल्या पोराटोरांच्या खिशात मोबाईल आले, तेव्हापासून माझ्याकडे फक्त पासपोर्ट फोटोवाले येतात, तेही तोंड पाडून. अशा घरात आमची पल्लवी बी.एस्सी.ला चांगल्या गुणांनी पास झाली आणि तिला भूजलशास्त्रात एम.एस्सी. करायची हुक्की आली. (गावात मी ‘विहिरी-बोअरचं शिक्षण’ असं सांगतो. लोक लगेच आपल्या बोअरला पाणी काहून लागत नाही ते विचारतात.) पुण्याच्या आणि हैदराबादच्या अशा दोन विद्यापीठांनी तिला प्रवेश दिला. दोघांनीही फीमध्ये थोडी सवलत दिली, पण उरलेली फी ऐकून बायको सुनंदा पाटावरून उठलीच नाही.

पल्लवी हिंमतीची. तिने दोन्हीकडे अपील केलं : घरची परिस्थिती पाहा आणि सवलत वाढवा. तिचा जीव पुण्यात अडकलेला, तिथली प्रयोगशाळा म्हणे देशात भारी. हैदराबाद मात्र जरा स्वस्त. शुक्रवारपर्यंत कुठली तरी एक जागा पक्की करायची होती आणि उत्तर एकाचंही नव्हतं. अर्जात पालकाचा म्हणून माझा नंबर दिलेला. त्यामुळे फोन वाजला की आमच्या घरात भूकंप! कंपनीवाली बाई “आपको लोन चाहिए?” म्हणाली, तर सुनंदा मागून म्हणायची, “हो म्हणा, हो म्हणा!”

त्यातच मारेगावहून माझ्या साळ्याचा, दिगांबरचा फोन.

“भाऊजी, एक स्थळ आहे. पोरगा पुण्यात इंजिनेर. मी त्याहिले तुमचा नंबर देल्ला. फोन आला का जरा वजनात बोलजा.”

“अरे, पण पोरगी शिकून राह्यली...”

“पाहाले काय जाते? पल्लवीले सध्या सांगू नका.”

साळ्याला ‘नाही’ म्हणायची माझी प्राज्ञा नाही. मी गप्प बसलो. सगळं रामायण तिथून सुरू झालं.

मंगळवारी दुपारी फोन वाजला. बाईचा आवाज, शुद्ध, गोड, पुणेरी.

“नमस्कार, पुण्याहून बोलतेय. पल्लवीचे वडील ना? आम्हाला तिची माहिती फार आवडली. निर्णय घेण्याआधी घरची परिस्थिती जरा समजून घ्यायची होती.”

मुलाची आई! मी लुंगी सावरली आणि वजनात आलो.

“परिस्थितीचं काय घेऊन बसल्या, मॅडम! देवाच्या दयेनं काही कमी नाही. बाभुळगावला ओलिताची शेती आहे.” (आहे. चुलतभावाची आहे.)

“असं? आणि तुमचा स्टुडिओ बंद पडत आलाय, असं कळलं होतं...”

दिगांबरनं एवढंही सांगितलं? मी हसलो. “छे छे! यवतमाळला दुसरी शाखा काढून राह्यलो!”

“गाडी वगैरे?”

“दारातच उभी आहे.” हे मात्र खरं होतं. शेजाऱ्याच्या दारात सावली नसल्यामुळे तो आमच्या लिंबाखाली गाडी लावतो.

बाईंनी खात्री करून घेतली, “म्हणजे खर्चाची अडचण नाही म्हणता?”

“अडचण? मॅडम, दोन्हीकडचा खर्च आमचा!”

“दोन्हीकडचा? म्हणजे?”

“म्हणजे तुमच्याकडचाही!”

बाईंनी “बरं, कळवते” म्हणून फोन ठेवला. दबली, असं वाटून मी मिशीवरून हात फिरवला. तेवढ्यात पल्लवी आतून आली.

“कोणाचा फोन होता, बाबा?”

छाती इतकी फुगली होती की तोंडातून निघून गेलं, “तुझ्या होणाऱ्या सासूचा!”

तिने फोन हिसकावला, नंबर पाहिला आणि भिंतीला टेकून खालीच बसली.

“बाबा, हा युनिव्हर्सिटीचा नंबर आहे. अपीलवाल्या मॅडमचा!”

सुनंदा हात पिठाचे घेऊन धावत आली. “काय सांगतलं तुम्ही तिले?” मी सांगितलं. सुनंदाने ते पिठाचे हात कपाळाला लावले. “अवो, युनिव्हर्सिटीचा खर्च बी आपण करणार काय?”

पण पल्लवीचा धक्का वेगळाच होता. ती हळू आवाजात म्हणाली, “मी इकडे फी कमी करा म्हणून हात जोडून राह्यली, अन् तुम्ही माझं स्थळ पाहून राह्यले? मले न विचारता?” मी दिगांबरचं नाव सांगितलं, तर म्हणते, “मामानं म्हटलं म्हणून? मग बाप कोण हाय माह्या?”

ती दिवसभर पुण्याला फोन लावत राहिली. लाईन व्यस्त. रात्री जेवताना तिने मला बजावलं, “आता हैद्राबादचा फोन येऊ शकते. फक्त खरं बोला. लाज वाटून घेऊ नका.” मी ठरवलं, लाज अशी सोडायची की परत सापडू नये!

दुसऱ्या दिवशी फोन आलाच.

“नमस्कार जी, हैद्राबादवरून बोलून राह्यलो. पल्लवीचे वडील काय? मुलीच्या संदर्भात फोन केला.”

मला भरून आलं. आपल्या सोयीसाठी वऱ्हाडी बोलणारा माणूस ठेवणारं विद्यापीठ! असा आपलेपणा मी पुण्यात पाहिला नव्हता.

“साहेब, आधीच सांगतो, आपल्याजवळ काहीच नाही. शेती नाही, धंदा बसला. दारातली गाडी शेजाऱ्याची आहे.”

“अवो, आम्हाले काही पाहिजेच नाही. फक्त मुलगी...”

“काहीच नको?” मी फोनलाच हात जोडले. “मग ठेवून घ्या साहेब तिला! दोन वर्षांचा तर प्रश्न आहे!”

“दोन वर्षं?”

“दोन वर्षांनी आम्ही येऊन घेऊन जाऊ. अन् पसंत नाही पडली तर आधीच परत पाठवा.”

तिकडून फक्त श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, ते विचार करताहेत. मी जोर लावला.

“राहायचं म्हणाल तर एका खोलीत चौघीजणी असल्या तरी आमची हरकत नाही! खोटं कायले बोलू, पुण्यातही बोलणं चालू आहे. पण तुम्ही परवडले, तर तुमच्याकडेच देऊ!”

फोन कट झाला.

अर्ध्या तासात दिगांबर कडाडला, “भाऊजी, मुलाचे वडील हैद्राबादले लेकीकडे गेलते, तेथून त्याहिनं फोन केल्ता! ते इचारून राह्यले, हा माणूस पोरगी देऊन राह्यला का होस्टेलात भरती करून राह्यला? अन् त्या खोलीतल्या बाकीच्या तिघी कोण, म्हणते!”

त्याचा आवाज फोनमधून घरभर ऐकू गेला. पल्लवी आधी दारातच थबकली आणि मग इतकी हसली, इतकी हसली की तिला ठसका लागला. कालपासून ती माझ्याशी धड बोलली नव्हती. पाणी पिऊन म्हणाली, “बाबा, हे काम तुम्ही लय भारी केलं.”

गुरुवारी सकाळी हैदराबादचं खरं उत्तर आलं : सवलत वाढवता येणार नाही. घरात सुतक पसरलं. पल्लवीने पुन्हा पुणे लावलं, या वेळी लागलं. तिने त्या मॅडमना सासूपासून लिंबाखालच्या गाडीपर्यंत सगळं सांगितलं. तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आणि हसू.

शुक्रवारी दुपारी पुण्याचा नंबर चमकला, तेव्हा मी फोनपासून असा लांब सरकलो, जणू तो विंचू होता. सुनंदाने उचलला. हॉस्टेल पूर्ण माफ आणि फीही बरीच कमी! मॅडम म्हणाल्या, “ताई, इथे सगळे आहे त्यापेक्षा कमीच सांगतात. जास्त सांगणारे तुमचे मिस्टर पहिलेच.”

सुनंदा म्हणाली, “हो जी, आम्ही बी त्याहिले असंच फसून पसंत केलं होतं.”

पल्लवी आता पुण्यात शिकते आहे. माझ्या फोनचे सगळे अधिकार सुनंदाकडे गेले आहेत. परवा ती बाजारात गेली असताना फोन वाजला, नाइलाजाने उचलला. कसल्याशा पाहणीवाला माणूस होता. त्याने विचारलं, “घरातले कर्ते पुरुष आपणच का?”

मी म्हणालो, “थोडं थांबा, बायको आली की विचारून सांगतो.”