सविताचं सविताला उत्तर

सविता गावितला कॉलेजात सगळे हुशार म्हणत, पण त्या हुशारीला त्यांनी दावं बांधून ठेवलं होतं. वादविवाद स्पर्धेत राखीव जागांचा विषय आला की अनुकूल बाजू सविताची. पेठकडची कोकणा आदिवासी मुलगी, आईबाप भाताची कापणी उरकली की नाशकाकडे द्राक्षबागांत मजुरीला येणारे; ती दुसरं काय बोलणार? आणि प्रतिकूल बाजू मृण्मयीची, कारण तिचे वडील रामकुंडावर यजमानांचे विधी करणारे उपाध्याय. आडनावं वाचली की भाषणं ऐकायचीसुद्धा गरज नव्हती.

शेवटच्या वर्षी सविता वादविवादाच्या सरांना म्हणाली, यंदा मी आणि मृण्मयी बाजू बदलतो. सर चपापले. बरं दिसणार नाही, लोक काय म्हणतील, वगैरे सुरू झालं.

"सर, समोरच्याचं म्हणणं मला त्याच्याइतकं नीट मांडता येत नसेल, तर मी उत्तर देते ते कुणाला?" सविताने विचारलं. सरांनी मुकाट्याने नावं बदलली.

ही चौऱ्याण्णव सालची गोष्ट. राखीव जागांविरुद्ध सविता अशी बोलली की पहिलं बक्षीस तिचंच. राखीव जागांची बाजू तितक्याच तळमळीने लढवून मृण्मयी दुसरी आली. मृण्मयीचे बाळाजीकाका पुतणीच्या कौतुकापायी टेपरेकॉर्डर घेऊन आले होते. त्यांनी सविताचंही भाषण टेप केलं. आदिवासी वसतिगृहात मात्र मुलींनी तिच्याशी बोलणं टाकलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे तोंडावर ऐकवलं. ती डगमगली नाही असं सांगणं शोभून दिसलं असतं, पण ती उशीत तोंड खुपसून रडली.

पुढे ती जिल्हा परिषदेत नोकरीला लागली, संसारात पडली, मयूर झाला. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात राखीव जागांवरून देशभर पुन्हा धुरळा उठला. बाळाजीकाका आता विरोधकांचे पुढारी. त्यांनी ती कॅसेट शोधून काढली आणि गावभर सांगितलं, रविवारच्या सभेत ऐका, एक आदिवासी मुलगीच काय म्हणते ते.

त्याच संध्याकाळी समाजाच्या संघटनेचा सुनील तिच्या घरी आला. त्याच्या मते सुटका सोपी होती. ताईंनी जाहीर करावं, की भाषण दुसऱ्यांनी लिहून दिलं होतं, माझ्याकडून जबरदस्तीने म्हणून घेतलं. नाहीतर समाजात ताईंना यापुढे कुणी आपलं म्हणणार नाही.

हे तिला लागलं. ज्यांच्यात परत जायचं, तीच माणसं तुटणार होती. तरी ती म्हणाली, "ते मीच लिहिलं होतं, सुनील. आणि चांगलं लिहिलं होतं."

रविवारी ती म्हाताऱ्या वडिलांना, पुंजाबाबांना, सोबत घेऊन सभेला गेली. सुनीलची पोरं घोषणा द्यायच्या तयारीने मागे उभी होती. कॅसेट सुरू झाली तशी सविता सरळ व्यासपीठावर चढली. काका, मला ह्या मुलीशी बोलायचंय, म्हणाली. मी सांगेन तिथे टेप थांबवा. बाळाजीकाका हट्टी होते, पण लबाड नव्हते. त्यांनी माईक तिच्यापुढे सरकवला.

टेपमधली सविता म्हणाली, गुणवत्तेला जात नसते. टेप थांबली. सविताने सांगितलं, खरं आहे. पण आमच्या आश्रमशाळेत इंग्रजीला मास्तरच नव्हता, तेव्हा मार्क मोजता तसं शर्यत कुठून सुरू झाली तेही मोजा. टेपमधली म्हणाली, राखीव जागेने माणसावर जन्माचा शिक्का बसतो. सविता म्हणाली, मी खोली भाड्याने मागायला गेले तेव्हा नोकरी नव्हती, नुसतं आडनाव होतं, आणि शिक्का तिथेच बसला. सभा कान देऊन ऐकत होती. काही मानाही हलत होत्या.

मग टेपमधली म्हणाली, एकदा वर चढलेलं घरच पुन्हापुन्हा चढतं, तळातला तळातच राहतो.

इथेही सविताने टेप थांबवायला लावली. "ह्याला माझ्याकडे उत्तर नाही," ती म्हणाली. "माझा मयूर नाशकात क्लास लावून शिकतो. सुरगाण्याच्या पाड्यावरच्या पोराला मिळायची जागा उद्या त्याने घ्यावी का? हे मला विचारायचंय, आणि दाराआड नाही, इथे सगळ्यांसमोर."

बाळाजीकाका टाळी वाजवायला निघाले आणि थांबले, कारण त्या आधीच्या दोन उत्तरांचं काय करावं ते त्यांना कळेना. मागे सुनीलच्या पोरांच्या घोषणा घशातच राहिल्या. आपली बाजू जिंकली की हरली, हे कुणालाच ठरवता येईना.

बाहेर आल्यावर सुनील पुंजाबाबांपाशी आला. कुरकुरत म्हणाला, बाबा, ताई नक्की कुणाच्या बाजूने बोलल्या?

पुंजाबाबांनी टोपी नीट केली. अख्ख्या सभेत त्यांची मान सर्वांत ताठ होती.

"मला काय माहीत," ते म्हणाले. "मला तर दोनी बाजूंनी माझीच पोर ऐकू येत व्हती."