अध्यक्ष महोदय, उत्तर एकशे ऐंशी

गणिताच्या मास्तराला किस्से कोण विचारतो? पण पोरांना बोलायला लावलं की ते आपोआप साठत जातात. त्यात माझा स्वभाव संशयी, म्हणून माझ्याकडे जरा जास्तच साठलेत.

आमच्या मोठ्या बाई परभणीहून ट्रेनिंग करून आल्या आणि फर्मान निघालं: प्रत्येक विषयाच्या तासाला एकानं उभं राहून बोलायचं. मी म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

खोदून विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "आठवीतली सुमन. आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, यंदा तिलाही नेणार म्हणे. पोरगी हूं की चूं करत नाही. तिला बोलतं करायचंय."

एका पोरीसाठी अख्खी शाळा बोलायला लावायची? मला काही पटेना.

*

पहिल्याच दिवशी सातवीच्या गणेशला विचारलं, "त्रिकोणाच्या कोनांची बेरीज किती?"

तो हात मागे बांधून उभा राहिला. "अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, ती एकशे ऐंशी अंश आहे. एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. जय हिंद, जय महाराष्ट्र!"

वर्गानं टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, कार्टं टिंगल करतंय. पण चेहरा गंभीर! उभं राहून बोलायचं म्हणजे पंधरा ऑगस्टचं भाषण, दुसरं त्याला ठाऊकच नव्हतं.

*

विज्ञानाच्या तासाला एकीनं सुरुवात केली, "थोर बेडकाचा जन्म एका गरीब डबक्यात झाला."

मधल्या सुट्टीत विज्ञानाचे सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे माझ्यावर तर नव्हतं ना?"

*

मग एक आजोबा गेटवर आले. "गुर्जी, नात घरात 'माझं मत येगळं हाय' म्हणायलीय. काय शिकवायलाव तुमी?"

मी म्हणालो, "मी गणित. हे इतिहासाच्या तासाचं असणार."

आजोबांनी मला खालून वर न्याहाळलं. "खरं सांगा, कोणत्या पार्टीचे तुमी?"

*

सुमन मात्र गप्पच. बाई तिला भूगोलात नकाशासमोर उभं करायच्या, ती नकाशाकडे बघून खाली बसायची. मी मनात म्हणायचो, गेली ही पोरगी.

दसरा झाला आणि तिचा बाप दाखला मागायला ऑफिसात आला. बाहेर मुकादमाची जीप उभी होती. बाईंनी सुमनला बोलावून घेतलं आणि स्वतः गप्प बसल्या. मला त्यांचा रागच आला.

सुमन भिंत धरून उभी होती. "आबा, मी येणार न्हाई," ती म्हणाली. "बारक्याला सांभाळायला नेता अन् म्हणता, पुढच्या साली शाळा. दादालाबी असंच म्हणलं होतं. दादा परत वर्गात बसला न्हाई. मी मावशीकडं राहते. बारक्यालाबी हितंच ठिवा, मी बघते त्याला. मला शिकायचंय."

आवाज कापत होता, पण पोरगी थांबली नाही.

बापानं आधी बाईंकडे, मग माझ्याकडे संशयानं पाहिलं. "सर, खरं सांगा. हे हिला पाठ कुणी करून दिलं?"

"कुणीच नाही," मी म्हणालो.

त्यानं लेकीकडे पाहिलं आणि दाराकडे वळला.

"मंग ऱ्हाऊ द्या दाखला."